गोखले, पण कुठले?

कुणी नुसतं 'मी गोखले' म्हणालं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला... "कुठले गोखले?" पूर्वी मला हा प्रश्न जाम भोचक वाटायचा. हल्ली वाटतं, तो माणसांपेक्षा पाट्यांना विचारायला हवा!

डेटाबेसमध्ये आडनावाला प्रायमरी की करायचा वेडेपणा कुणी करत नाही. दुसरी नोंद आत येतच नाही ना! रस्ते-पुलांच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो. पाटीवर पूर्ण नाव असलं तरी तोंडी उरतं आडनाव.

अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला आणि पूर्ण सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. तेवढ्या काळात 'गोखले' म्हणजे ट्रॅफिक, एवढाच अर्थ अनेकांना उरला असेल. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून १९११ मध्ये विधेयक मांडणारा माणूस तो हाच, हे त्या गर्दीत कोण सांगणार?

पुण्यात निदान गोखले इन्स्टिट्यूट आहे, १९३० पासूनची. बंगळूरला तर डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५ मध्ये गोखल्यांच्या नावाने संस्था काढली. तिथे आडनाव पुरतं, कारण दुसरे गोखले फारसे कुणाला माहीतच नाहीत.

आपल्याकडे तसं नाही. १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पडलेले सेनापती बापू गोखले आहेत. १९१८ मध्ये गांधीजींचं मराठी चरित्र लिहिणाऱ्या अवंतिकाबाई गोखले आहेत. आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हरवलेल्या कमलाबाई. फाळक्यांच्या १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये त्या मोहिनी झाल्या आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती. चांगल्या घरच्या बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत नव्हत्या, त्या काळात! गंमत म्हणजे तेव्हा कमलाबाई गोखले नव्हत्याच, ते आडनाव लग्नानंतरचं. आज त्यांची ओळख काय सांगतात? चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. म्हणजे बाईंच्या बाबतीत "कुठल्या गोखले?"चं उत्तरसुद्धा मुला-नातवाच्या नावाने!

असो. माझं मागणं साधं आहे. पाटीवर नावाखाली एक ओळ लिहा, हे कोण आणि यांनी काय केलं. जागा कमी पडली तर उद्घाटन करणाऱ्या मंत्र्यांचं नाव जरा बारीक टायपात टाका!