जीटी मारून शैली येत नाही!

जीटी म्हणजे काय, हे होस्टेलवर राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. खाली बल्ब, वर काच, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. रात्रीतून ड्रॉइंग तयार! सबमिशन होतं, मार्कही पडतात. पण त्याच ठोकळ्याची मागची बाजू काढ म्हटलं, की आपली बत्ती गुल.

चित्रकलेची आवड असणाऱ्या आपल्या मित्रांचंही आज असंच होतंय. मोबाईलला दोन ओळी सांगितल्या, की हव्या त्या धाटणीचं चित्र हजर. २०२५ मध्ये तर ज्याच्या त्याच्या डीपीवर घिब्लीच होता! आणि जे बिचारे खरंच पेन्सिल धरतात, ते ‘आपली अशी काही स्टाइलच नाही यार’ म्हणत सेकंड इयरला वही बंद करतात. मला वाईट वाटतं ते या बंद झालेल्या वह्यांचं. शैली आधी सापडते आणि मग चित्र काढायचं असतं, हा समजच मुळात उलटा आहे.

मग नक्कल करूच नये का? जरूर करावी! आपल्या बुलढाण्याहून अजिंठा काही फार लांब नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात आणि भिंतीवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करत. त्यातल्या कितीतरी १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. पण बघून बघून काढताना हातात जे उतरलं, ते कसं जळणार? त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नावाजले ते तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांसाठी. म्हणजे अजिंठा इतका गिरवूनही ते अजिंठ्याची झेरॉक्स झाले नाहीत. डोळ्याने बघून केलेली नक्कल आणि काचेवरची नक्कल यांत फरक आहे तो हाच. डोळ्याने बघताना प्रत्येक रेषेला ‘ही इथेच का वळली?’ असं विचारावं लागतं. जीटीत रेष फुकट मिळते, प्रश्न मिळत नाही.

दुसरं उदाहरण वासुदेव गायतोंडे यांचं. जन्म १९२४, आपल्या विदर्भातल्या नागपूरचा. १९४८ साली जे. जे. मधून डिप्लोमा. सुरुवातीच्या चित्रांत जैन लघुचित्रांचा ठसा, मग पॉल क्लीचा प्रभाव. पुढे हळूहळू चित्रातली माणसं आणि आकृत्या गळत गेल्या. रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले, खरवडलेले रंगांचे थर तेवढे राहिले. वर्षाला मोजकीच चित्रं. २००१ साली ते गेले आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यांनी काही नवं चिकटवून शैली बनवली नाही. जे आपलं नव्हतं ते एकेक करून सोडलं, मग उरलं ते गायतोंडे!

कुणी म्हणेल, वेगळं दिसणं म्हणजेच शैली. मग डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांच्याकडे बघा. तेच वारली त्रिकोण, तीच वर्तुळं, तोच पांढरा रंग, जे सगळ्या जमातीचं. तरीही मशेंचा हात लांबून ओळखू येतो. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भाषा सगळ्यांची असली तरी बोलणं ज्याचं त्याचं असतं.

आता प्रेरणेचं. ‘आमच्या संग्रामपुरात काढण्यासारखं आहे तरी काय?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय! अरे बाबा, शेगावहून पूर्णा ओलांडून आलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेष दिसते, ती सकाळी एक असते आणि संध्याकाळी दुसरीच. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा, खारपाणपट्ट्यातल्या मातीवर फुटलेलं पांढरं मीठ, पोळ्याला रंगवलेली बैलाची शिंगं. हे नेटवर शोधावं लागत नाही, आणि आपल्याइतकं ते कुणी बघितलेलंही नाही. एकच रेष महिनाभर रोज काढून बघा. तिसाव्या दिवशी ती पहिल्या दिवसासारखी येणार नाही. हा जो बदल आहे ना, शैली तिथून सुरू होते.

म्हणून दोन सूचना. संपादक मंडळाने पुढच्या अंकात मोबाईलने बनवलेली चित्रं घेऊ नयेत. वाकडं का असेना, हातचं घ्यावं. आणि नक्कल असेल तर खाली सरळ ‘अमक्याच्या चित्रावरून’ असं लिहावं, त्यात लाज कसली? सर-मॅडमना विनंती, चित्रस्पर्धेत एक गुलगुलीत चित्र मागवण्याऐवजी सेमिस्टरभराची वही मागवा. बक्षीस वहीला द्या.

बाकी शीटची जीटी चालू द्या, व्हायवाला काय ते कळेलच!