गॅस गळत नाही, तरी जीव जातो

थंडीच्या दिवसांत पुणे, नाशिक, मुंबईच्या उपनगरांतून एकाच प्रकारची बातमी पुन्हा पुन्हा येते. आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, हाकांना उत्तर मिळेना, घरच्यांनी दार तोडले तेव्हा ती जमिनीवर बेशुद्ध पडलेली होती. मथळा बहुधा ठरलेला असतो : ‘गॅस गीझरच्या गळतीने मृत्यू’. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, इमारतीत चार दिवस चर्चा होते आणि विषय मागे पडतो.

या मथळ्यातला ‘गळती’ हा शब्दच वाचकाची दिशाभूल करतो. गळती म्हटले की माणूस नळी तपासतो, रेग्युलेटर बदलतो, वास येतो का ते पाहतो. हे सगळे करायलाच हवे; पण या मृत्यूंमागचा वायू बहुतेक वेळा सिलिंडरमधून गळलेला नसतो. तो गीझरच्या ज्योतीतच तयार होतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. नवीन नळी, नवीन रेग्युलेटर आणि कुठेही गळती नसलेल्या घरातही तो जीव घेऊ शकतो.

हिशेब साधा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गीझर पूर्ण क्षमतेने चालला, तर त्याला मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा लागते. चार फूट बाय सहा फूट आणि आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये सगळी मिळून साधारण ५,४०० लिटर हवा असते. म्हणजे दार-खिडकी बंद असेल, तर दहा मिनिटांतच तिथल्या एक तृतीयांशाहून अधिक हवेतला ऑक्सिजन ज्योत वापरून टाकते. त्याच्या आधीच ज्वलन बिघडते आणि अर्धवट जळालेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. काही गीझर सुमारे २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. या हिशेबात त्या सोयीवर विसंबता येत नाही, हे उघड आहे.

हा वायू श्वासातून रक्तात गेला की हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. रक्त वाहत राहते, पण ऑक्सिजन पोहोचवू शकत नाही. सुरुवातीला डोके जड होते, गरगरते, मळमळते, पायातले बळ जाते. कडी काढावी असे वाटेपर्यंत हात उचलण्याचीही ताकद उरत नाही. बातम्यांत ‘कडी आतून लावलेली होती’ असे वाक्य येते, त्याचे कारण हेच. लहान मुले, हृदयरोगी आणि गर्भवती यांना धोका अधिक. पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही जास्त.

मग हे अलीकडे इतके का ऐकू येते? गीझर बदलले त्याहून घरे जास्त बदलली. जुन्या चाळींत, वाड्यांत बाथरूमला झरोका असे किंवा दाराखाली चांगली फट असे. नंतरच्या इमारतींत काचेच्या तिरप्या पट्ट्यांची खिडकी आली. तिच्यातून हवा खेळत राही. आता नूतनीकरणात त्या पट्ट्या काढून सरकती काच बसवली जाते, डास आणि कबुतरे नकोत म्हणून डक्टकडची बाजू बंद होते, दाराला रबरी पट्टी लागते. थंडीत उरलीसुरली खिडकीही लावली जाते. बांधकामाच्या नकाशात वायुविजन असते, भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी ते जागेवरही असते. पुढे घराघरांत होणारे असे बदल पाहायला कोणी येत नाही. भाड्याच्या घरात गीझर घरमालकाचा, तो बसवणारा एक, खिडकी बदलणारा दुसरा आणि आंघोळ करणारा तिसराच, त्यामुळे जबाबदारीही वाटली जाऊन नाहीशी होते.

उपाय खर्चिक नाहीत. गॅस गीझर बाथरूमच्या आत नकोच. तो उघड्या गॅलरीत बसवून गरम पाण्याची फक्त पाइप आत घ्यावी. बंदिस्त डक्ट ही ‘बाहेरची जागा’ नव्हे. तिथला वायू शेजाऱ्याच्या खिडकीतून आत जाऊ शकतो. गीझर हलवता येत नसेल, तर तो हलवेपर्यंत आधी बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, दार-खिडकी उघडी ठेवून हवा बदलू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. एकामागून एक चौघांच्या आंघोळी होणार असतील, तर प्रत्येक वेळी हेच करावे, कारण शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यांत वाईट हवा येते. एक्झॉस्ट पंखा चांगला, पण बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर त्याच्यावर भरवसा नको. ज्योत पिवळी दिसली किंवा गीझरवर काजळी धरली तर तो दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. मात्र ज्योत निळी आहे म्हणून खिडकी लावून घेऊ नये. स्वयंपाकघरात लावतात तो गॅस अलार्म गळती ओळखतो, हा वायू ओळखत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मागून घ्यावा लागतो.

हाच वायू बाळंतिणीच्या बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून, शेकोटीच्या घमेल्यातून आणि दुकानात आत ठेवलेल्या जनरेटरमधूनही निघतो. शेक द्यायचाच असेल तर खोलीची खिडकी उघडी हवी आणि रात्री निजताना शेगडी खोलीबाहेर हवी.

कोणी बाथरूममध्ये पडलेले आढळले, तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत ओढून आणावे, गीझर बंद करावा, १०८ ला फोन करावा. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे. आत थांबून शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न करणारा स्वतःही पडू शकतो. अनेकदा झटके आल्यासारखे दिसते आणि ‘फिट आली’ म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मोलाची मिनिटे जातात. रुग्णालयात पोहोचताच ‘गॅस गीझर चालू होता’ हे वाक्य न विसरता सांगावे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा रुग्णात ९८ किंवा ९९ असा आकडा दाखवू शकतो, कारण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांनी भरलेल्या रक्तातला फरक कळत नाही. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास पुरतो. बरे वाटले म्हणून लगेच घरी जाण्याची घाई करू नये. काही रुग्णांत विसराळूपणा, स्वभावातला बदल, चालण्यातला तोल जाणे ही लक्षणे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसू लागतात.

प्रत्येक सोसायटीने थंडीआधीच्या बैठकीत एवढेच विचारावे : किती घरांत गॅस गीझर बाथरूमच्या आत आहे आणि त्यांपैकी किती खिडक्या उघडतात? भाडेकरूंची घरेही या यादीत हवीत. गीझर बसवणाऱ्याने बिलावर जागा आणि हवेची सोय लिहून द्यावी, असा आग्रह ग्राहकाने धरावा. आणि बातमी देणाऱ्यांनी ‘गळती’ हा शब्द खात्री असल्याशिवाय वापरू नये. ‘बंद बाथरूममध्ये गॅस गीझर’ एवढे मथळ्यात आले, तरी ती बातमी वाचणारा कोणीतरी उठून खिडकी उघडेल.