शॉकअप गेला, रस्ता सुनसान

सुट्या लागल्या की आपल्या घरांतून मोटारसायकली बाहेर पडतात. कुणी आजोळी निघतो, कुणी निकाहला. वाटेत पंक्चर झाले तर काय करावे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शॉकअप गेला तर मात्र भलेभले गोंधळतात. म्हणून या वेळी त्याविषयी.

शॉकअपमधली स्प्रिंग वजन पेलते आणि खड्ड्याचा दणका घेते. तेल त्या स्प्रिंगची उसळी आवरते. तेल गळून गेले की गाडी चेंडूसारखी उसळते आणि वळणावर चाकाची रस्त्यावरची पकड सुटू लागते.

दोन वर्षांपूर्वी भोरहून महाडला येताना वरंध घाटात आमच्या भाच्याच्या गाडीच्या मागच्या एका शॉकअपचा खालचा बोल्ट तुटला. मागे आपा बसलेल्या. मोबाइलला रेंज नाही, मगरीबला तासभर उरलेला. भाचा म्हणाला, "मामू, हळूहळू जाऊ, पोहोचू." आम्ही साफ नाही म्हटले. टायर मडगार्डला घासत होता. उतारावर तो फाटला असता तर? सामानाच्या कॅरिअरचा त्याच जाडीचा बोल्ट काढून तिथे बसवला, आपांना आमच्या गाडीवर घेतले आणि भाचा एकटा, विसाच्या वेगाने मागून आला. घाट उतरल्यावर पहिल्या गावात थांबून मगरीब पढलो.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी गाडी रस्त्याच्या कडेला, वळणापासून दूर घ्या. मागे बसलेल्यांना उतरवा, सामान काढा, मगच वाकून पाहा. मागच्या शॉकअपचे नुसते तेल गळत असेल, तर खालची खाचांची कडी पान्याने फिरवून स्प्रिंग घट्ट करता येते. त्याने गाडी कमी दबते, उसळी मात्र थांबत नाही. म्हणून एकट्यानेच, सावकाश, जवळच्या गॅरेजपर्यंत जावे.

पुढच्या फोर्कचे तेल गळत असेल तर डिस्क ब्रेक आधी पाहा. डिस्कवर किंवा पॅडवर तेल उतरले असेल तर पुढचा ब्रेक ऐन वेळी लागणार नाही. अशी गाडी घाटात चालवू नये. फोर्क वाकला, शॉकअपचा दांडा तुटला किंवा टायर कुठेही घासत असेल, तरीही नाही. टेम्पोचे भाडे जड वाटेल, पण ते द्यावे. आणि गॅस भरलेला शॉकअप कुणालाही उघडू किंवा वेल्डिंग करू देऊ नका. तो फुटू शकतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी पुढचा ब्रेक धरून हँडल जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा डुलली तर मिस्त्रीला दाखवा. फोर्कच्या नळीवर तेलाचे ओले कडे दिसले तर सील गेले असे समजा. सोबत दोन पाने, पक्कड, तार, चार नट-बोल्ट आणि कोरडे फडके ठेवा.

एक गोष्ट भगिनींसाठी. मोटार वाहन कायद्याचे कलम 128 चालकामागे एकालाच बसू देते. टाकीवर एक मूल, मांडीवर दुसरे, असा संसार त्या दोन स्प्रिंगांवर लादू नका. घरचे "जाऊ दे, जवळच तर आहे" म्हणाले, तरी तुम्ही एसटीने जा. आणि कुठल्या वाटेने निघालात, हे घरी कुणाला तरी सांगून ठेवा.