रंग बदलला, मजुरी तीच

‘लहान मुलांच्या गोष्टीत कुठे मार्क्स घुसडता?’ असं दरडावणाऱ्यांनी रोआल्ड डाल यांचं ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ पुन्हा उघडावं. १९६४ सालच्या या पुस्तकात मालक आहे, कामगार आहे, मजुरी आहे. मार्क्सवादी वाचक फक्त विचारतो: राबतं कोण आणि कमावतं कोण?

चार्लीचे वडील टूथपेस्टच्या कारखान्यात दिवसभर ट्यूबना टोपणं बसवतात. घरात सात माणसं, पलंग एक, ताटात कोबीचं पाणचट सूप. कारखाना बंद पडतो आणि उपासमार सुरू होते. इथवर डाल यांची नजर पक्की आहे. पण चॉकलेट कारखान्याचा मालक विली वोंका आला की ती मालकाची होते. पाककृती चोरीला जातात म्हणून वोंकाने एकजात सगळ्या कामगारांना घरी बसवलं. त्यांच्या जागी ऊम्पा-लूम्पा नावाच्या बुटक्या माणसांची अख्खी जमात भोकं पाडलेल्या खोक्यांत भरून चोरून आणली. मजुरी? कोकोच्या बिया! नव्या मालाची चाचणीही त्यांच्यावरच. त्यांच्यातला एक म्हातारा वोंकाने दिलेलं पेय पिऊन आकाशात उडतो, पुन्हा दिसत नाही. वोंका क्षणभर हळहळतो आणि कारखाना बघायला आलेल्या पाहुण्यांना पुढे पिटाळतो.

पहिल्या आवृत्तीत हे मजूर आफ्रिकेतले कृष्णवर्णीय होते. त्यावर टीका झाली, रास्तच झाली. १९७३च्या आवृत्तीत डाल यांनी त्यांना गोरं केलं. खोकी तशीच राहिली, बियाही तशाच राहिल्या. कातडीचा रंग खटकला, बिनपैशाची मजुरी कुणाला खटकली नाही, याची मला चीड येते.

१९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावात ज्यांच्या चुली थंडावल्या, त्यांची नातवंडं आज इंग्रजी शाळांत शिकतात. हे पुस्तक वाचताना, वोंकाने काढलेल्यांच्या घरी त्या रात्री काय शिजलं, हे त्यांनी विचारायचं नाही? शेवटी चार्लीला अख्खा कारखाना मिळतो, कारण तो निमूटपणे वागला. गरिबाच्या पोराला हा धडा आपण कौतुकाने देतो.

शिक्षकांनो, ‘चार्लीचा स्वभाव पाच ओळींत लिहा’ हा प्रश्न फेकून द्या. ऊम्पा-लूम्पांच्या वतीने वोंकाला मागण्यांचं पत्र लिहायला सांगा, आणि पहिली मागणी रोख पगाराची असू द्या.