नायट्याची ट्यूब, चिठ्ठीविना

पावसाळ्यात ओले कपडे अंगावरच वाळू लागले की जांघेत, कमरेला नायटा उठतो. रुग्ण डॉक्टरऐवजी कोपऱ्यावरचे औषधदुकान गाठतो. तिथे अनेकदा मिश्रणाची ट्यूब मिळते: बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे जहाल स्टेरॉइड. खाज लगेच थांबते. बुरशी मात्र पसरत राहते, कातडी पातळ होते. त्वचेला लावायची 14 स्टेरॉइडे केंद्राने 2018 मध्ये 'अनुसूची एच'मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत आणली. तरीही चिठ्ठीविना विक्री थांबलेली नाही, हे संतापजनक आहे.

त्यात टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला अनेकदा दाद न देणारी 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' ही नायट्याची बुरशी आता भारतापुरती उरलेली नाही. युरोप-अमेरिकेतही तिचे रुग्ण सापडले आहेत. अशा वेळी डॉक्टरांचा भरवसा इट्राकोनाझोल या दुसऱ्या बुरशीनाशकावर असतो. औषध गुणकारी आहे, पण ते शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेण्याचे नव्हे. हृदयाची पंपिंग क्षमता घटलेल्यांना ते नायट्यासाठी देऊ नये. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिनसोबत घेतल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. यकृताचा विकार किंवा गर्भारपण असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यायची. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी तिचे शोषण घटते. हे काउंटरवर कोण समजावतो?

अन्न व औषध प्रशासनाने पावसाळ्याआधीच दुकानांची विक्रीबिले तपासावीत. आणि सरकारी दवाखान्यांत साध्या, स्टेरॉइडविरहित मलमाचा पुरेसा साठा ठेवावा. नाहीतर गरीब रुग्ण त्याच ट्यूबकडे वळणार.