तंतू एक चालेल, चर दोन हवेत

२०२३ च्या रमजानचा अखेरचा अशरा सुरू होता. ईदच्या खरेदीचे दिवस. आमच्या भागात गटाराच्या कामासाठी जेसीबी लावला होता. सकाळी अकराच्या सुमारास त्याने मातीबरोबर केबलच्या नळ्यांचा एक गठ्ठाच उपसून बाहेर काढला. पाच मिनिटांत पेढीवरचे इंटरनेट बंद पडले. मी फारसा घाबरलो नाही, कारण मागील अनुभवावरून शहाणा होऊन मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शने घेऊन ठेवली होती. पण दुसरेही बंद! मोबाईलवर रेंज दिसत होती, मात्र काही उघडत नव्हते.

दारात बालोतऱ्याला जाणारा ग्रे कापडाचा ट्रक उभा होता. ५० हजारांच्या वरचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागते आणि ते निघत नव्हते. शेजारच्या तयार कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक फोन हातात धरून ताटकळत होते. खिशात रोख कोणाच्याच नव्हती. शेवटी मुलाला मोटारसायकलवरून कल्याणला मेहुण्यांच्या पेढीवर पाठवले, तेव्हा कुठे बिल निघाले आणि तरावीहनंतर ट्रक हलला. कनेक्शन मात्र दुसऱ्या दिवशी जोहरच्या वेळी आले.

केबल सांधायला आलेल्या पोराला मी विचारले, "बेटा, मी दोन कंपन्यांना पैसे देतो. मग दोन्ही एकदम कशा गेल्या?" तो हसून म्हणाला, "चाचा, बिलं दोन येतात, पण चर एकच आहे. सगळ्यांच्या केबल ह्याच चरातून जातात."

त्या पोराचे हे एक वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. आपल्या कारोबारी बांधवांनी आणि कारागिरांनी ते नीट समजून घ्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

लोकल आणि ट्रंक

आमच्या वालिदसाहेबांच्या काळात गावातला फोन आणि परगावचा फोन ही दोन वेगळी जगे होती. सुरतेला सुताचा भाव विचारायचा तर ट्रंक कॉल बुक करून बसावे लागे. देशात थेट नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय १९६० साली प्रथम लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान झाली. आमच्या तरुणपणी, १९९० नंतरच्या वर्षांत, गल्लोगल्ली पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री दर उतरल्यावर तिथे रांगा लागत. लोकल कॉलचा हिशेब वेगळा, एसटीडीचा वेगळा. त्यांच्या तारा, यंत्रे आणि खर्चही वेगळे होते.

काचेचा तंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर, आपल्या देशात प्रथम आला तो शहरातल्या कामासाठी, आणि तोही महाराष्ट्रात. १९७९ साली पुण्यात स्थानिक टेलिफोन एक्स्चेंज जोडण्यासाठी अशी पहिली यंत्रणा सुरू झाली. लांब पल्ल्यासाठी फायबर नंतर पसरले. २००० साली सरकारने देशांतर्गत लांब पल्ल्याची सेवा खासगी कंपन्यांना खुली केली. त्याच वर्षी बीएसएनएल स्थापन झाली आणि रेल्वेच्या रुळांकडेने केबल नेणारी रेलटेलही स्थापन झाली. महामार्गाच्या कडेला "खाली ऑप्टिकल फायबर केबल आहे" असे लिहिलेले दगड आपण सर्वांनी पाहिलेले आहेत.

तरीही बराच काळ शहराचे जाळे आणि लांब पल्ल्याचे जाळे वेगळेच राहिले. त्याला कारण होते. शहरात अंतर थोडे, पण दर दोन-चार किलोमीटरवर माल उतरवायचा आणि चढवायचा. लांब पल्ल्यावर उतरवायचे कमी, पण अंतर शेकडो किलोमीटर. काचेतून जाताना प्रकाश हळूहळू मंद होतो, म्हणून साधारण ८० ते १०० किलोमीटरवर त्याला पुन्हा जोर द्यावा लागतो. लांब गेलेला प्रकाश पसरतो, त्याचा एक ठोका दुसऱ्यात मिसळू लागतो. त्यावर इलाज करणारी यंत्रे महाग होती. म्हणून दोन कामांना दोन जाळी.

शहराच्या वेशीवर काय होत असे, हे जुन्या व्यापाऱ्यांना जकात नाक्यावरून चटकन कळेल. बाहेरगावचा मोठा ट्रक नाक्यावर थांबे, माल उतरे, मोजदाद होई आणि मग तो टेम्पोत किंवा हातगाडीत भरून बाजारात येई. संदेशाचेही तसेच होते. लांबून आलेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर करायचे, छाटणी करायची, पुन्हा प्रकाश करून शहराच्या तारेत सोडायचा. प्रत्येक नाक्यावर वेळ जाई आणि खर्च वाढे.

ट्रक थेट दुकानाच्या दारात

आता ही उतरवाउतरवी मोठ्या प्रमाणात संपली आहे. काचेचा तंतू जाडीने १२५ मायक्रॉन, म्हणजे जेमतेम केसाएवढा. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो तर ९ मायक्रॉनच्या आसपास. पण त्या एका तंतूतून आज ८० ते ९६ वेगवेगळे रंग एकाच वेळी पाठवता येतात. हे रंग आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत एवढेच. रंगीत लुंगीच्या ताण्यात जसे निरनिराळ्या रंगांचे धागे शेजारी शेजारी असूनही एकमेकांत मिसळत नाहीत, तसेच हे. यातला एक रंग मुंबईहून भिवंडीला उतरवावा, दुसरा नाशिकला, तिसरा मालेगावला आणि चौथा कुठेही न उतरवता थेट इंदूरला जाऊ द्यावा, असे करता येते. प्रकाशाचे विजेत रूपांतर न करता त्याला वाटेवर वळवणारी यंत्रे आली आहेत.

प्रकाशाच्या पसरण्यावरही गणिताने इलाज सापडला आहे. पूर्वी ज्यासाठी वेगळी काच आणि वेगळी पेटी लागे, ते काम आता दुसऱ्या टोकाची चिप करते. २०२० साली ठरलेल्या एका मानकाप्रमाणे बोटाएवढे उपकरण एका रंगावर सेकंदाला ४०० गीगाबिट माहिती १२० किलोमीटरपर्यंत नेते. त्याच जातीची पुढची उपकरणे शेकडो किलोमीटर जातात. तात्पर्य, शहराचे काम आणि लांब पल्ल्याचे काम एकाच तंतूवर, जवळपास एकाच जातीच्या यंत्रांनी होऊ लागले आहे.

यात आपला फायदाच आहे. निव्वळ भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या मागवाल्यांसाठी कोणी एवढी मोठी केबल टाकली नसती. पण दोन मोठ्या शहरांमधली केबल आपल्या दारावरून जात असेल तर तिच्यातला एखादा रंग आपल्या गावी उतरवणे स्वस्त पडते. जाळी एक झाली म्हणून दर उतरले आणि छोट्या गावालाही मोठ्या शहरासारखी गती मिळू लागली. जे लोक "शहराचे वेगळे ठेवा, लांबचे वेगळे ठेवा" असे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. तसे केले तर त्याचा खर्च लहान गावांच्याच माथी येईल.

शेजाऱ्याचे पैसेही दूरचे झाले

परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानात आलेली नाही. जाळी एक झाली तशी आपल्या व्यवहारातली लोकल ही गोष्टच नाहीशी झाली. समोरच्या चहावाल्याला मी यूपीआयने दहा रुपये देतो, तेव्हा तो संदेश रस्ता ओलांडून जात नाही. तो आधी गावाबाहेर जातो, माझ्या बँकेत, एनपीसीआयच्या यंत्रणेत, चहावाल्याच्या बँकेत फिरतो आणि परत गावात येतो. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो म्हणून आपल्याला कळत नाही. वेशीवर केबल तुटली की समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचा व्यवहार थांबतो. पूर्वी ट्रंक लाइन बिघडली तरी गावातला फोन चालू राहत असे. आज लांबची लाइन तुटली की गावातला गल्लाही बंद पडतो.

यूपीआय २०१६ साली आले, जीएसटी १ जुलै २०१७ ला आणि परराज्यातील मालासाठी ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून. ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉईसही सक्तीचे झाले. म्हणजे सरकारनेच आपला माल या तंतूला बांधला आहे. मोबाईलचा आधार आहे असे समजू नये, कारण बहुतेक टॉवरही पुढे याच जमिनीतल्या केबलला जोडलेले असतात. त्या दिवशी रेंज असून काही उघडत नव्हते, याचे कारण हेच होते.

दोन नावे, एक वाट

जाणकार लोक यावर कड्याचा उपाय सांगतात. केबल गोल फिरवून आणायची, म्हणजे एका बाजूने तुटली तर माहिती दुसऱ्या बाजूने फिरून येते. चांगल्या यंत्रणेत हा बदल सेकंदाच्या विसाव्या भागात होतो, बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण कड्याच्या दोन्ही बाजू जर एकाच चरातून नेल्या असतील तर ते कडे फक्त कागदावर असते. जेसीबीला कागद दिसत नाही.

ही चूक आपल्या गल्लीतच होते असे नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात फ्लॅग आणि सी-मी-वी ४ या दोन केबल तुटल्या. मालक वेगळे, नावे वेगळी, पण वाट एक. भारतासह आखाती देशांतील इंटरनेट कोलमडले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ पुन्हा दोन केबल तुटल्या, त्यात सी-मी-वी ४ पुन्हा होतीच. दुबई आणि जेद्दाहशी व्यवहार करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे विसरू नये. समुद्रात काय किंवा गटाराशेजारी काय, नावे मोजून सुरक्षितता येत नाही, ती वाटा मोजून येते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की तंतू एक असला तरी चालेल, उलट तो एकच असावा, पण चर दोन हवेत.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, दुसरे कनेक्शन घेताना दर विचारण्याआधी वाट विचारा. तुमची केबल कोणत्या रस्त्याने येते, कोणत्या एक्स्चेंजमधून येते, पहिल्या कंपनीच्या केबलशी ती कुठे मिळते, हे लेखी मागा. एक जमिनीतून असेल तर दुसरी खांबावरून किंवा छतावरच्या रेडिओ लिंकने घ्या, आणि ती पुढे वेगळ्या दिशेने जाते याची खात्री करा. नसेल जात तर दुसऱ्या बिलाचे पैसे फुकट आहेत.

दुसरी गोष्ट, हे एकट्यादुकट्याचे काम नाही. एका गाळ्यासाठी कोणी वेगळा चर खणणार नाही, पण २०० पेढ्या आणि कारखाने एकत्र आले तर कंपनीला विचार करावा लागेल. आपल्या व्यापारी संघटना आणि मागवाल्यांच्या संघटना वीजदर आणि सुताचा भाव यांवर निवेदने देतात, ते योग्यच आहे. त्यात आता हाही मुद्दा घ्यावा की गावात येणाऱ्या केबलला दोन वेगळ्या वाटा असाव्यात.

तिसरी गोष्ट, खोदाई. खोदण्यापूर्वी केबलवाल्यांना कळवावे यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप काढले आहे. आपल्यापैकी किती ठेकेदार ते वापरतात? बांधकामाच्या आणि नळजोडणीच्या धंद्यात आपले लोक थोडे नाहीत. दुसऱ्याची रोजी ज्या तारेवर चालते ती न विचारता उपसणे हा त्याच्या हक्कावर घाला आहे, हे आपण आपल्या लोकांनाही सांगितले पाहिजे.

चौथी गोष्ट मुलांसाठी. काचेचे दोन तंतू यंत्राखाली एका रेषेत धरून वितळवून सांधणे हे हाताचे आणि नजरेचे काम आहे. तुटलेला ताणा ज्या बोटांनी पिढ्यान्‌पिढ्या जोडला, त्या बोटांना हे काम परके नाही. आयटीआयमध्ये मुलाला काय शिकवावे असा प्रश्न पडलेल्या कारागिरांनी याचा जरूर विचार करावा.

शेवटची गोष्ट जुनीच आहे. ट्रकचे बिल सुटण्याच्या वेळी काढण्याऐवजी माल ठरताच काढण्याचा प्रयत्न करा, मात्र त्याच्या मुदतीकडे लक्ष ठेवा. गल्ल्यात थोडी रोख ठेवा. आणि वही ठेवा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला सूरह बकरामध्ये दिलेली आहे, आणि ती जेथे आली ती आयत कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत आहे. त्या दिवशी माझ्या शेजाऱ्याने कित्येक गिऱ्हाइकांना नाव लिहून माल दिला. ईदनंतर त्यातले जवळजवळ सर्व पैसे आले. ज्यांनी गिऱ्हाईक परत पाठवले त्यांची ईदची कमाई गेली.

तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडून झोपणे नव्हे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपला उंट आज केसाएवढ्या काचेच्या दोरीला बांधलेला आहे. दोरी चांगली आहे, मजबूत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त खुंटा एकच आहे. येत्या रमजानपूर्वी आपल्या गावात दुसरा खुंटा कुठे ठोकता येईल, याची चौकशी प्रत्येक संघटनेने आजच सुरू करावी.