सुईमागचा नोंदणी क्रमांक

वाशी म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर खाडीपलीकडचे गजबजलेले उपनगर उभे राहते. धाराशिव जिल्ह्यातील वाशी मात्र ज्वारी-सोयाबीनच्या शिवारातले तालुक्याचे गाव आहे. खुरपणी आणि काढणीत आयुष्य गेलेल्या इथल्या स्त्रीचे गुडघे पन्नाशीतच बोलू लागतात. शहरातील तज्ज्ञाकडे जायचे तर बुडणारी मजुरी, गाडीभाडे आणि सोबत येणाऱ्या मुलाचा खाडा असा हिशेब आधी मांडावा लागतो. म्हणूनच अशा गावातील एखाद्या मंगल कार्यालयावर ‘अ‍ॅक्युपंक्चरचे मोफत शिबिर’ असा फलक लागला, की सकाळपासून रांग लागते. त्या रांगेत गुडघ्याची, कमरेची, मानेची चर्चा होते. सुई टोचणाऱ्याला त्याचा नोंदणी क्रमांक मात्र सहसा कोणी विचारत नाही.

बँकेत पाच हजारांचा धनादेश वटवायचा असला, तरी खातेदाराची सही नमुन्याशी ताडून पाहिली जाते आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. शरीरात सुई टोचून घेताना मात्र “शेजारणीला गुण आला” एवढीच साक्ष पुरते. पैशाच्या बाबतीत सावध असणारा समाज देहाच्या बाबतीत इतका भोळा का असावा?

या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. धाराशिवला लागून असलेल्या सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यात होते, नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसू हेही होते. कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच त्यांचे निधन झाले. बसू परतले. पुढे पुन्हा चीनला गेले असता ते अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९च्या सुमारास त्यांनी कोलकात्यात ही उपचारपद्धती रुजवली. भारतातील अ‍ॅक्युपंक्चरचा आरंभ साधारणपणे तेथून मानला जातो. या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा करण्यातही बंगालनेच पुढाकार घेतला, तो १९९६ मध्ये.

केंद्र शासनाने २५ नोव्हेंबर २००३च्या आदेशात अ‍ॅक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून मान्यता देताना स्पष्ट मर्यादा घातली. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती यांनीच तो करावा, असे त्यात म्हटले होते. ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतींच्या व्यावसायिकांपुरती राखावी, असेही सांगितले होते. परंतु ‘योग्य प्रशिक्षण’ म्हणजे किती आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न उरलाच. महाराष्ट्राने त्याचे उत्तर २०१५च्या अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियमाने दिले. या कायद्यान्वये राज्यासाठी स्वतंत्र परिषद आली. व्यावसायिकांची नोंदवही ठेवणे आणि शिक्षणसंस्थांवर व अभ्यासक्रमांवर देखरेख करणे ही तिची कामे आहेत. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रानेही अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

म्हणजे वाशीच्या रांगेत उभ्या असलेल्या स्त्रीला जो प्रश्न सुचत नाही, त्याचे उत्तर ठेवण्याची व्यवस्था शासनदरबारी झालेली आहे. ते उत्तर मागण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नोंदणी म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे. इंग्लंडमधील ‘नाईस’ या शासकीय मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट कारण नसलेल्या दीर्घकालीन वेदनेसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करावा असे सांगितले. त्याच संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी ते देऊ नये असा निष्कर्ष काढला. परिणामकारकतेचा वाद विद्वानांनी सोडवायचा आहे. नोंदणीचा प्रश्न त्याहून वेगळा आणि साधा आहे. सुई धरणारा हात शिकलेला आहे काय, आणि काही बिघडलेच तर त्या हाताला जाब विचारणारी संस्था आहे काय?

सुई केसासारखी बारीक दिसते, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. छातीवर किंवा पाठीच्या वरच्या भागात ती गरजेपेक्षा खोल गेली, तर फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडून तेथे हवा साठू शकते आणि रुग्णाला श्वास घेणे कठीण होते. एकाला वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली, तर काविळीचा ‘ब’ विषाणू एका देहातून दुसऱ्यात सहज जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा वृद्ध, गर्भवती स्त्री, हृदयात पेसमेकर बसवलेला रुग्ण यांच्याबाबत काय टाळावे, हे शिकावेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वैद्यकीय पदवी नसलेल्या व्यक्तीसाठी २५०० तासांचे पूर्ण प्रशिक्षण सुचवले आहे. ठरावीक उपचारांपुरती ही पद्धत वापरू इच्छिणाऱ्या डॉक्टरसाठीसुद्धा किमान २०० तास सांगितले आहेत. दोन रविवारच्या वर्गात मिळालेले, चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र या मापात कोठे बसते, ते सुज्ञांनी ठरवावे.

एका पद्धतीची पदवी दुसऱ्या पद्धतीचा परवाना ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या मुंबईच्या एका व्यावसायिकाने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते कृत्यच निष्काळजीपणा ठरवले आणि मृताच्या पत्नीला ३ लाख रुपयांची भरपाई देवविली. जे शास्त्र आपण शिकलो नाही ते दुसऱ्याच्या देहावर चालवणे हाच अपराध, हा त्या निकालाचा गाभा आहे.

आता शिबिराकडे वळू. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले. आज रुग्ण स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. मात्र त्याच निकालाने एक अपवाद सांगितला आहे. जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा दिली जाते, तेथे हा कायदा लागू होत नाही. नावनोंदणीचे नाममात्र शुल्क घेतले म्हणूनही तो लागू होत नाही. म्हणजे पैसे मोजणाऱ्या रुग्णाच्या हाती जे हत्यार आहे, ते मोफत शिबिरातील गरीब रुग्णाच्या हाती नाही. सदोष उपचाराबद्दल दाद मागण्याचे इतर मार्ग त्याला उरतात. पण ते लांबचे आणि खर्चाचे.

म्हणूनच मोफत शिबिर भरविणाऱ्या मंडळांची आणि विश्वस्तांची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. लोक रांगेत उभे राहतात ते सुई टोचणाऱ्याला ओळखतात म्हणून नव्हे. फलकावरच्या मंडळाचे नाव ओळखतात म्हणून. त्या नावावर त्यांनी विश्वास ठेवलेला असतो आणि तो परत करण्याची जबाबदारी मंडळाची असते. परगावाहून येणाऱ्या उपचारकाची व्यवस्था करताना त्याच्या जेवणाची व मुक्कामाची जितकी काळजी घेतली जाते, तितकीच त्याच्या कागदपत्रांचीही घेतली जावी.

पाहायचे तरी काय? पहिली गोष्ट, परिषदेचा नोंदणी क्रमांक व तो चालू असल्याचा पुरावा. त्याची प्रत मंडळाच्या दप्तरी ठेवावी. दुसरी गोष्ट, निर्जंतुक सुईचे बंद पाकीट प्रत्येक रुग्णासमोर फोडले जाते की नाही. तिसरी गोष्ट, वापरलेल्या सुया कोठे जातात. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार त्या छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या पारभासी डब्यातच गेल्या पाहिजेत. मंगल कार्यालयाच्या केरात नव्हे, कारण दुसऱ्या दिवशी तो केर उचलणारा हातही कोणाचा तरी असतो. चौथी गोष्ट, प्रत्येक रुग्णाचे नाव, तक्रार, चालू औषधे आणि दिलेला उपचार यांची नोंद. आणि पाचवी, चालू गोळ्या बंद करा असा सल्ला कोणी देत असेल, तर त्याला तेथेच थांबवावे.

ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी हे शास्त्र शिकू इच्छिते, त्या घरानेही क्रम बदलावा. फी भरून, कर्ज काढून, मग मान्यतेची चौकशी करण्यापेक्षा आधी परिषदेकडे विचारावे, की या संस्थेच्या अभ्यासक्रमावर नोंदणी मिळते काय. उत्तर नकारार्थी असेल, तर प्रमाणपत्र कितीही सोनेरी अक्षरांत असले तरी ते तारणाविना दिलेल्या कर्जासारखेच आहे.

प्रामाणिक उपचारकाला हा प्रश्न खटकत नाही. ज्याने वर्षे खर्चून विद्या मिळवली, तो आपला क्रमांक आनंदाने दाखवतो. किंबहुना त्या क्रमांकामुळेच त्याची गणना भोंदूंत होत नाही. प्रश्न खटकतो तो ज्याच्याजवळ उत्तर नसते त्याला. वाशीच्या रांगेतील ती माउली हा प्रश्न कदाचित विचारणार नाही. तिच्या वतीने तो आधीच विचारून ठेवणे, हे शिबिर भरविणाऱ्याचे पहिले काम आहे. फलक त्यानंतर लावावा.